खकनारच्या रानातील पिंगळा

आमच्या बालपणी बऱ्हाणपुरातील घरामागे कडुनिंबाचा एक जुनाट वृक्ष होता. तिन्हीसांजा झाल्या, की त्याच्या ढोलीतून पिंगळ्यांचे जोडपे बाहेर येई आणि भिंतीवर बसून असा काही कलकलाट मांडी, की दोन जावांचे भांडण त्यापुढे फिके पडावे. आजी लगबगीने देवापुढील निरांजनाची वात सारखी करी आणि पुटपुटे, "मेल्याला आजच बोलायचं होतं!" घरात कोणी आजारी असले तर ते बोलणे त्याच्यासाठी असे, कोणी आजारी नसले तर शेजारच्या घरासाठी असे. गंमत अशी, की याच आजीकडे थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे कंदील आणि कुडमुडे घेऊन दुसरा एक पिंगळा येई. तो मात्र माणूस. पाखराची भाषा आपणांस कळते असे सांगून तो घराण्याचे बरेवाईट भाकीत करी, आणि आजी त्याला सुपातून धान्य व वर एखादे जुने लुगडे देई. पिंगळ्याला शिव्या आणि त्याची भाषा जाणणाऱ्याला भिक्षा, हा न्याय आम्हांस तेव्हाही उमगला नाही.

या लेखात अंगणातील त्या पिंगळ्याविषयी थोडे आणि त्याच्या रानातील भावाविषयी अधिक सांगावयाचे आहे. हा रान पिंगळा एकशे तेरा वर्षे जगाच्या लेखी नाहीसा झाला होता. तो पुन्हा सापडला तो आपल्या खानदेशात. आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तो आमच्या खकनारच्या जंगलातही असल्याचे आढळले. बऱ्हाणपूरला येणारे पाहुणे शाही किल्ला पाहतात, कुंडी भंडाऱ्यात उतरून सतराव्या शतकातील त्या जलव्यवस्थेचे कौतुक करतात, तापीपलीकडे जैनाबादेस जाऊन १६३१ साली मुमताज महलचे शव प्रथम जेथे पुरले तो आहुखाना बघून हळहळतात, आणि माव्याची जिलबी बांधून घेऊन गाडीत बसतात. येथून जवळच, सातपुड्याच्या कुशीत, साऱ्या जगात अन्यत्र कोठेही नसणारा, केवळ मध्य भारतातील मोजक्या रानांत राहणारा एक पक्षी आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगणार कोण? आम्हांस स्वतःला ते ठाऊक होण्यास वयाची चाळिशी उलटावी लागली.

या पक्ष्याची कथा एखाद्या रहस्यकथेहून कमी नाही. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव शालेय पुस्तकांतून जोडलेले असते ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे पक्षिशास्त्राचे मोठे व्यासंगी होते. 'स्ट्रे फेदर्स' नावाचे पक्षिविषयक नियतकालिक ते चालवीत. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट या गृहस्थांनी आजच्या छत्तीसगडातील फुलझर परिसरात एक लहानसे घुबड मिळविले व ह्यूमकडे धाडले. नेहमीच्या पिंगळ्यासारखे, परंतु पिंगळा नव्हे, हे ह्यूमच्या चाणाक्ष दृष्टीने ओळखले आणि १८७३ साली त्यांनी ही नवी जाती ब्लेविटच्या नावाने जाहीर केली. पुढे ओडिशाकडील खरियारच्या रानात एक मिळाले. आणि १८८०च्या सुमारास खानदेशात मुलकी सेवेत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादे-तळोदे भागात आणखी काही नमुने मिळविले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात नमुने जमले. १८८४नंतर मात्र हा पक्षी कोणाच्याही दृष्टीस पडला नाही.

म्हणजे, पडला नाही असे आज म्हणता येते. कारण मध्यंतरी एका माणसाने तो आपणांस मिळाल्याचे सांगितले होते. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे ब्रिटिश सैन्यातील नामांकित अधिकारी व त्याहून नामांकित पक्षिसंग्राहक. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनीही १९३७ साली त्यांच्यासमवेत अफगाणिस्तानची पक्षिमोहीम केली होती. या कर्नलसाहेबांच्या संग्रहात एक रान पिंगळा होता आणि त्याच्या पायास बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते, की तो ऑक्टोबर १९१४मध्ये गुजरातेतील तापीकाठच्या मांडवी येथे मिळाला. एवढ्या मोठ्या माणसाच्या अक्षरातील चिठ्ठी! तिच्यावर अविश्वास कोण दाखविणार? सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनीही या पक्ष्याचा शोध घेतला. परंतु तो सापडला नाही. हळूहळू बहुतेकांनी त्याच्या नावापुढे मनातल्या मनात फुली मारली.

नव्वदीच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर ग्रंथ लिहिण्यासाठी जुने नमुने तपासू लागल्या, तेव्हा कर्नलसाहेबांचे पितळ उघडे पडले. मांडवीचा म्हणून जो नमुना दाखविला जात होता, तो वस्तुतः डेव्हिडसनने खानदेशात मिळविलेला, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, आतील भरण बदलून पुन्हा शिवलेला आणि वर खोटी चिठ्ठी बांधलेला होता. प्रत्येक संग्राहकाची पक्षी भरण्याची व शिवण्याची तऱ्हा शिंप्याच्या टाक्यासारखी वेगळी असते, आणि चोराने कितीही उसवले तरी पहिल्या हाताच्या खुणा राहिल्या होत्या. नायजेल कॉलर यांच्यासह रासमुसेन यांनी हा सारा प्रकार १९९९ साली प्रसिद्ध केला. परंतु त्याआधीच त्यांनी एक साधा विचार केला होता. १९१४ची नोंद खोटी असेल, तर मांडवीकडे शोध घेण्यात अर्थ नाही. ज्यांच्या चिठ्ठ्या खऱ्या, त्यांच्याच ठिकाणी जावयास हवे.

१९९७च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. प्रथम पूर्वेकडील जुन्या जागा धुंडाळल्या, व्यर्थ. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, तेव्हाच्या धुळे व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी एका निष्पर्ण झाडावर भर उन्हात बसलेला रान पिंगळा त्यांना दिसला. एका शतकापूर्वीच्या अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलेली चिठ्ठी अखेर उपयोगी पडली. आम्ही शाळामास्तर; त्यामुळे या कथेतील आम्हांस सर्वांत भावणारा भाग कोणता, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. एका खोट्या नोंदीने कित्येक वर्षे शोधकांची दिशा चुकविली, आणि चार ओळींच्या खऱ्या नोंदीने ती पुन्हा दाखविली. वर्गात विज्ञानाची प्रयोगवही तपासताना, उत्तर आधी लिहून मग आकडे जुळविणाऱ्या मुलांना आम्ही ही कथा सांगतो. ती ऐकून मुले आकडे जुळविणे सोडतात असे मात्र नाही.

यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने या पक्ष्याच्या अभ्यासास हात घातला. फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी तोरणमाळच्या पठारावर त्याचे राहणे, खाणे, विणीचा हंगाम यांची निरीक्षणे केली. आणि २००० साली केलेल्या सर्वेक्षणात उत्तर महाराष्ट्र व नैर्ऋत्य मध्य प्रदेशातील चार ठिकाणी मिळून पंचवीस रान पिंगळे नोंदविले. तळोदे, तोरणमाळ आणि मेळघाट ही तीन ठिकाणे महाराष्ट्रातील. चौथे आमचे खकनार. त्या वेळी बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, खंडव्याचाच भाग होता. २००३ साली तो वेगळा झाला. आमच्या जिल्ह्याच्या जन्माआधीच त्याचे नाव पक्षिशास्त्राच्या नकाशावर गेले होते, आणि आम्ही मात्र वर्गात जिल्ह्याचे वैशिष्ट्य म्हणून केळी, यंत्रमाग आणि नेपानगरचा कागद एवढेच शिकवीत होतो. पुढे गिरीश जठार यांनी व पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन सोसायटीच्या प्राची मेहता व जयंत कुलकर्णी यांनी मेळघाटापासून मध्य प्रदेशातील रानांपर्यंत हे काम पुढे नेले. २०१४ साली मुंबईच्या उत्तरेस तानसा अभयारण्यात, आणि त्याच सुमारास गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यात तो आढळला, तेव्हा तर त्याचा मुक्काम सह्याद्रीपर्यंत पोहोचल्याचे सिद्ध झाले. २०१८ साली दोन गोष्टी घडल्या. आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून असे दिसून आले, की ह्यूमने ज्याला स्वतंत्र कुळ बहाल केले होते तो हा पक्षी आपल्या अंगणातील पिंगळ्याच्याच कुळातला आहे. आणि त्याच वर्षी जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून त्याला 'संकटग्रस्त' या एक पायरी खालच्या वर्गात आणण्यात आले. तरीही प्रौढ पक्ष्यांची अंदाजित संख्या हजाराच्या आतच आहे. आमच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेस जेवढी मुले उभी असतात, त्याहून फार मोठा हा आकडा नव्हे.

आता या दोघा भावांना ओळखावे कसे? साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण असते, जणू कोणी तांदळाच्या कण्या शिंपडल्या आहेत. रान पिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, राखट तपकिरी. त्याची छाती सलग तपकिरी आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. पंखांवर व शेपटीवर ठळक, रुंद पट्टे. आकार साधारण सारखाच, टिचभर. पण डोके, चोच व नख्या अधिक दणकट. सर्वांत मोठा भेद सवयीचा. हा घुबडकुळातला असूनही दिवसाचा प्राणी आहे. सकाळच्या उन्हात उंच, उघड्या फांदीवर बसून तो शेपटी झटक्याने हलवीत राहतो आणि खालच्या गवतात सरडा, सापसुरळी वा उंदीर दिसताच झेपावतो. त्याला दाट अरण्य मानवत नाही. सागाचे विरळ, कोरडे रान आणि त्यात घरट्यासाठी ढोली असलेली जुनी झाडे लागतात. नेमके हेच रान नांगराखाली जाण्यास सर्वांत सोपे असते, ही त्याची दुर्दैवाची बाजू.

पक्षिनिरीक्षणाचा छंद अलीकडे किती वाढला आहे, याची कल्पना आमच्या पिढीला चटकन येत नाही. आमच्या तरुणपणी दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडणारा मनुष्य म्हणजे एकतर साहेब, नाहीतर पोलिसांनी चौकशी करावी असा कोणी. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ साली निघाले. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडून, कोरकू, गोंड, माडिया लोकांकडून पक्ष्यांची नावे गोळा करून 'पक्षिकोश' सिद्ध केला. २०२५च्या जूनमध्ये ते निवर्तले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० साली पक्षिसप्ताह म्हणून जाहीर केला. आम्ही मध्य प्रदेशातले. शासनाचा आदेश आम्हांस लागू नाही, तरी सप्ताह पाळण्यास कोणाची बंदीही नाही.

आज हजारो माणसे भ्रमणध्वनीवरून आपापल्या नोंदी 'ई-बर्ड' नावाच्या भांडारात पाठवितात. त्यांत गृहिणी आहेत, पेन्शनर आहेत, शाळकरी मुले आहेत. या नोंदींच्या आधारे 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२० साली व पुन्हा २०२३ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या अहवालासाठी सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरल्या आणि ९४२ जातींची परिस्थिती तपासली. ज्या ३३८ जातींविषयी दीर्घ काळचा कल सांगता आला, त्यांपैकी साठ टक्के घटत चालल्या आहेत. मोर व कोकिळा वाढत आहेत, हे वाचून बरे वाटते. परंतु दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, आमच्या येथील हिंदी शेजारी ज्याला नीलकंठ म्हणतात आणि आमचे आजोबा ज्याला चास म्हणत, तो पक्षी तीस टक्क्यांहून अधिक घटला आहे. या एका पक्ष्याचे मराठी नाव आमच्या वर्गातील मराठी घरांतल्या किती मुलांना येते, हे आम्ही एकदा विचारले. एकाही मुलाचा हात वर झाला नाही. पक्षी आणि नाव यांत आधी कोण नाहीसे होईल, याची जणू शर्यत लागली आहे.

या छंदाला दुसरीही बाजू आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. छंद वाढला तसे छायाचित्राचे वेडही वाढले. दुर्मिळ पक्ष्याचे घरटे कळले, की चार-चार गाड्या तेथे उभ्या राहतात. ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्याला बाहेर काढतात. तो बिचारा आपल्या हद्दीत कोणी प्रतिस्पर्धी आला असे समजून पिल्ले टाकून धावतो. म्हणून पुढे आम्ही जी हकिगत सांगणार आहोत तिच्यातील जागेचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

ही हकिगत सुरू होते एका अपराधापासून, आणि तो अपराध आमचाच आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेत होतो, तेथील पटांगणात एक जुना वृक्ष होता व त्याच्या ढोलीत पिंगळ्यांचे बिऱ्हाड होते. त्या वर्षी गावात तापाची साथ आली. एक विद्यार्थी दगावला. पालकांचे म्हणणे पडले, की शाळेत घुबड बोलते, हे त्याचेच फळ. आम्ही मराठीचे एम. ए., अंधश्रद्धेवर भाषणे देणारे; पण त्या दिवशी मृत मुलाच्या वडिलांसमोर आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. फांदी धोकादायक आहे असे कारण कागदावर लिहून आम्ही ती तोडविली. माइनर्ट्झहागेनची चिठ्ठी आणि आमचा तो कागद, यांत तत्त्वतः फरक काय, हा प्रश्न पुढे ती कथा वाचली तेव्हा आमच्यापुढे उभा राहिला. फांदीबरोबर ढोली फुटली आणि पिसेही न फुटलेली दोन पिल्ले मातीत पडली. एक तेथेच गेले. दुसरे, खकनारकडून शिकायला येऊन वसतिगृहात राहणाऱ्या एका कोरकू मुलाने उचलले, सदऱ्यात गुंडाळले आणि शाळेच्या जुन्या खोलीच्या वळचणीखालील भिंतीतल्या भोकात नेऊन ठेवले. आम्ही ते पाहिले आणि पाहिले नाही असे केले. रात्री नर-मादी तेथे येऊन पिल्लाला भरवू लागली. महिनाभराने ते उडाले. तापाची साथ त्याआधीच आपोआप ओसरली होती. त्याचे श्रेय फांदी तोडण्याला मिळाले.

घुबडांवरील हे संकट केवळ आमच्या गावापुरते नाही. दिवाळीच्या अमावास्येला मांत्रिकांच्या नादी लागून घुबडे पकडली व मारली जातात. देशभरातील या चोरट्या व्यापाराविषयी ट्रॅफिक इंडिया या संस्थेने २०१० साली सविस्तर अहवालच काढला होता. लक्ष्मीचे वाहन मारून लक्ष्मी मिळविण्याची ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याच्या तर्कबुद्धीला नमस्कार असो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा अधिक आशा आम्हांस वाटते ती पुरंदर तालुक्यातील पिंगोरी गावाकडे पाहून. तेथे डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशनने २०१८पासून उलूक उत्सव सुरू केला. मुले घुबडांची चित्रे काढतात, मुखवटे घालून नाचतात, आणि उंदीर खाऊन हा पक्षी शेतकऱ्याचे केवढे धान्य वाचवितो ते आईबापांना सांगतात. ज्याचे चित्र आपल्या मुलाने काढले आहे, त्याला दगड मारताना हात थोडा तरी अडखळतो.

वळचणीत पिल्लू ठेवणारा तो मुलगा दहावीनंतर शिकला नाही. आज तो केळीच्या गाड्या भरण्याचे काम करतो. दोन वर्षांपूर्वी बाजारात त्याने आम्हांस ओळखले, वाकून नमस्कार केला, आणि बोलता बोलता आम्ही रान पिंगळ्याविषयी वाचल्याचे सांगितले तेव्हा तो हसला. "सर, तो दिवसा बसणारा ना? तो आमच्या मामाच्या शेतामागे आहे की." त्याने त्याचे कोरकू नावही सांगितले, आमच्या जिभेला ते नीट वळले नाही. ज्यासाठी अमेरिकेहून माणसे आली, जो एकशे तेरा वर्षे हरवला होता, तो या लोकांच्या दृष्टीने कधी हरवलाच नव्हता. त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

पहिल्या खेपेस आम्ही सहा विद्यार्थ्यांसह गेलो आणि काही दिसले नाही. म्हणजे एक पिंगळा दिसला, मुलांनी जल्लोष केला, पण दुर्बिणीतून पाहता माथ्यावर कण्यांची पखरण स्पष्ट होती. एका विद्यार्थिनीने तरीही वहीत 'रान पिंगळा' असे लिहिले. आम्ही तिला ते खोडावयास लावले. ती रडकुंडीस आली. इतक्या लांब येऊन रिकामी वही घेऊन कसे जावयाचे? तिची समजूत काढणे सोपे नव्हते. आम्ही तिला 'दिसला नाही' असे तारखेसह लिहावयास सांगितले.

त्या खेपेस मामांची भेट झाली. मामांचे शेत म्हणजे रानाच्या कडेचा एक तुकडा. २००६च्या वनहक्क कायद्याखाली त्यांनी दावा केला आहे; पट्टा अद्याप हाती नाही. याच जिल्ह्यात नेपानगरकडील वनात २०२२ व २०२३ या वर्षांत बाहेरून आलेल्या टोळ्यांनी झाडांची जी कत्तल केली, तिच्या बातम्या देशभर छापून आल्या. त्यानंतर वनाच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाते, असे मामा म्हणाले. त्यांच्या बांधावर एक पोकळ, अर्धमेली सालई उभी आहे. तिच्या सावलीने पीक येत नाही आणि ती सरपणाच्या दृष्टीने दोन महिन्यांची सोय आहे. "तोडली तर जंगल तोडलं म्हणतील, ठेवली तर तुम्ही लोक येऊन पाखरू बघाल आणि म्हणाल, ही जागा पाखराची, तू निघ." या बोलण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. पक्षी वाचवावयाचा तर त्याच्या शेजाऱ्याला आधी निश्चिंत करावे लागेल, एवढे मात्र आम्हांस दिसते. पट्ट्याच्या अर्जाची प्रत व सोबतचे कागद नीट लावून देण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. पक्षिनिरीक्षणास जाऊन तहसिलीत हेलपाटे घालणारे आम्ही पहिलेच असू.

गेल्या माघात पुन्हा गेलो. सागाची पाने गळाली होती, पायाखाली पापड मोडावेत तसा आवाज होत होता. केळीच्या गाडीवरची पाळी बदलून घेऊन आमचा तो जुना विद्यार्थी सोबत आला होता. बांधाच्या अलीकडे त्याने हात वर करून सर्वांना थांबविले. सालईच्या उघड्या फांदीवर, कोवळ्या उन्हाकडे तोंड करून, टिचभर पक्षी बसला होता. माथा कोरा. शेपटी उजवीकडे झटकली, डावीकडे झटकली. कोणी बोलले नाही. मामा खाली बांधावर दातवण करीत उभे होते. त्यांनी वर पाहिले आणि पुन्हा दातवण करू लागले. चार-पाच मिनिटांनी तो गवतात झेपावला, चोचीत काहीतरी वळवळणारे घेऊन वर आला आणि झाडाच्या पलीकडील बाजूस दिसेनासा झाला.

त्या विद्यार्थिनीने वही उघडली. गेल्या वेळचे 'दिसला नाही' वरच्या ओळीत होते. तिने खाली तारीख घातली, मराठी नाव लिहिले, हिंदी लिहिले, आणि कोरकू नावासाठी त्या केळीवाल्या दादाकडे वही दिली. त्याने ते सावकाश अक्षरे जुळवीत लिहिले. मग तिने आमच्याकडे पाहून वेळ विचारली. आम्ही घड्याळ पाहून सांगितली : सात वाजून वीस मिनिटे.